मुठीचा डबा

"इथं पुलपिट, इथं गायनमंडळ, आणि इथं तुमचा नळ," भास्करराव हिवाळे म्हणाले आणि त्यांनी काठीचं टोक बाभळीच्या बुंध्याशी रोवलं.

तिथं ना प्रवचनाचं पुलपिट होतं, ना नळ. हायवेला लागून मोकळा प्लॉट, दोन बाभळी आणि चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघा. पण भास्करराव पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी काठी रोवली की समोरच्याला पाणी दिसायला लागायचं, आणि मला तर ते स्वच्छ दिसलं. चर्चच्या मागं पाळकासाठी दोन खोल्या, ओटा, ओट्यावर नळ. नळाखाली माझी कळशी भरतेय आणि मी नुसती उभी आहे, हेही दिसलं. लग्नानंतरचं ते आमचं पाचवं गाव होतं, आणि घरात नळ असलेलं एकही नव्हतं.

माझे यजमान शीलवंत आढाव हे पाळक. कौन्सिलनं, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या चर्चच्या मंडळानं, त्यांना कानडखेडला पाठवलं होतं ते एवढ्याच कामासाठी: तिथं नवी मंडळी कुठं सुरू करायची आणि कोणाला घेऊन, ते ठरवा. मंडळी म्हणजे आमच्या भाषेत माणसं, भिंती नंतर येतात. त्या गावात मंडळी यापूर्वी दोनदा सुरू होऊन दोनदा विस्कटली होती. तिसऱ्यांदा विस्कटली असती तर कौन्सिल कानडखेडचा नाद सोडून देणार होतं आणि आमची रवानगी पार सीमेवरच्या तालुक्यात होणार होती. तिथं शाळा चौथीपर्यंत, आणि आमची अनु तिसरीत. ईस्टरनंतरच्या बैठकीत उत्तर द्यायचं होतं. तेव्हा तो प्लॉट, तो नळ आणि अनुची शाळा, असं सगळं एकाच काठीच्या टोकावर येऊन थांबलं होतं.

भास्करराव मनापासून देत होते, त्यात खोट नव्हती. त्यांच्या पत्नी सुमनबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. मुलगा परदेशात. त्यांना सुमनबाईंच्या नावानं चर्च उभं करायचं होतं. पाच घरची माणसंही त्यांनी तयार ठेवली होती, बँकेतले, हायस्कुलातले, सगळी इस्त्रीची. एकच गोष्ट ते जाता जाता बोलले.

"स्टँडमागं गिरणीवाली एक बाई आहे. आपलीच आहे. पण तिच्या नादी लागू नका, पाळकसाहेब. आधीची मंडळी मोडली ती तिच्यासारख्यांच्या हट्टानं."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. पण एखाद्याच्या नादी लागू नका म्हटलं की त्याला भेटल्याशिवाय यांना जेवण जात नाही. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, आम्ही गिरणीत गेलो. निमित्त म्हणून मी ज्वारीचं दळण घेतलं.

रिबकाबाई लोंढे पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बायकांना रांगेत लावत होत्या. गव्हानंतर बाजरी टाकायची नाही, ज्वारी झाल्याशिवाय हरभरा नाही, आणि जिला घाई असेल तिनं घरी जातं घ्यावं. केस, भुवया, पापण्या, सगळं पिठानं पांढरं. नवरा गेल्यावर गिरणी त्यांनीच चालवली, आणि ती त्या चालवायच्या म्हणजे अख्खी गल्लीच चालवायच्या. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी हात पुसले, "सलाम, पाळकसाहेब. सलाम, पाळकीणबाई," असा आमच्यातला नमस्कार केला, चहा सांगितला आणि पुन्हा रांगेकडं वळल्या.

उंबऱ्याजवळ स्टुलावर तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता, वरचा पत्रा कापलेला. दळण घेऊन निघालेली प्रत्येक बाई आपल्या डब्यातलं गरम पीठ मूठभर घ्यायची, त्यात टाकायची आणि मग चालायला लागायची. कोणी काही बोलत नव्हतं. पोरीच्या केसाला हात लावून पुढं जावं, इतकं ते सहज होतं.

ते पाहून यांचे डोळे भरून आले. का, ते आमच्यातल्याच माणसाला कळेल. खेड्यापाड्यांतल्या आमच्या आयाआज्या स्वयंपाकाला बसताना आधी मूठभर पीठ बाजूला काढायच्या. आठवडाभराचं ते पीठ रविवारी उपासनेला न्यायच्या. पाळकाचा पगार तो तेवढाच. यांचे आजोबा त्या मुठीवर जगले, माझे वडीलही. मी लहानपणी चार प्रकारच्या पिठांची भाकरी खाऊनच वाढले. गावं शहरांत शिरली तशी मूठ गेली आणि पाकिटं आली.

"मूठ अजून चालू आहे?" यांनी विचारलं.

"चालू हाये," रिबकाबाई म्हणाल्या.

झालं. यांनी डब्यावर दोन्ही हात ठेवले आणि तिथंच उभ्यानं प्रार्थना केली. परक्या गावात आपल्या सेवकाच्या चुलीची काळजी तू आधीच घेऊन ठेवलीस, असं काहीसं मोठ्या भक्तीनं देवाला सांगितलं. आवाज इतका भरून आला होता की कोणीतरी गिरणी बंद केली. आमेन झालं. रिबकाबाईंनी डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि सगळं पीठ माझ्या पिशवीत ओतलं.

"न्या, पाळकीणबाई," एवढंच बोलल्या.

रांगेतल्या बायका अगदी गप्प झाल्या होत्या. मला वाटलं, प्रार्थनेचा परिणाम.

संध्याकाळी त्या पिठाच्या भाकरी केल्या. अनुनं दोन खाल्ल्या. हे ताटावर बसून माझ्याकडं असे बघत होते की पुढचं वाक्य मला आधीच कळलं. म्हणाले, ही देवाची खूण तर नसेल? मी म्हटलं, हे पीठ आहे, खूण तिकडं बाभळीखाली आहे, आणि तिला तोटी बसणार आहे. ते हसले, पण प्लॉटचं काही बोलले नाहीत. मला धास्ती बसली. ह्या माणसाचं मन भाकरीवर विरघळणार आणि मी जन्मभर हातपंप मारत राहणार, असं मला वाटलं, आणि मी रागानं भांडी जरा जोरातच घासली.

रविवारी सकाळी भास्कररावांच्या बंगल्यावर उपासना ठरली होती. कालच्या गडबडीत माझं ज्वारीचं दळण गिरणीतच राहिलं होतं. हे पुढं गेले. मी अनुला घेऊन वाटेत दळणाचा डबा उचलायला स्टँडमागं वळले.

गिरणीचं शटर अर्ध्यावर होतं. यंत्र बंद असल्यामुळं आतला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. खाली वाकून पाहिलं तर सात-आठ बायका पोत्यांवर बसलेल्या, आणि मधे तो पत्र्याचा डबा. रिकामा. रिबकाबाई डोळे मिटून बोलत होत्या.

"बापा, ह्या आठवड्याची मूठ झुंबरच्या घरची व्हती, हे तुला ठावं हाये. त्याचा पाय मोडलाय, बायको बाळंतीण हाये, घरात काय न्हाई. मूठ दुसरीकडं गेली. कुठं गेली त्याची आमची तक्रार न्हाई. नेणारा तुझाच माणूस हाये, नवा हाये, शिकंल. पर झुंबरच्या बायकोला आज दुपारी भाकर पायजे. आमेन."

"आमेन," सगळ्या म्हणाल्या, आणि उठल्या.

शटरखालून एकामागून एक वाकून त्या बाहेर आल्या, मला पाहून दचकल्या, पदर सावरून आपापल्या घराकडं गेल्या आणि लगेच परतल्या. प्रत्येकीच्या हातात वाटी. शेजारची रशीदाबी तर हातात पीठ घेऊनच पळत आली आणि आज एवढा उशीर का झाला म्हणून विचारायला लागली. सगळ्या माझ्याकडं बघायचं टाळत होत्या. पायाखालची धरणी दुभंगावी असं म्हणतात, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

मी आत गेले. रिबकाबाई पोती झटकत होत्या.

"मावशी, काल सांगितलं का नाही?"

"पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं व्हतं. आमेनच्या वर काय बोलायचं?"

मग त्यांनी मला पोत्यावर बसवलं आणि सांगितलं. दुसऱ्यांदा मंडळी सुरू झाली तेव्हा भास्करराव सेक्रेटरी होते. आता आपण शहरातली माणसं, हे पिठाचे डबे शोभत नाहीत, सतरंजीवर डाग पडतात, ज्यानं त्यानं पाकिटात वर्गणी घालावी, असा ठराव त्यांनी आणला. ठराव चांगल्या मनानंच आणला होता. पण गल्लीतल्या बायकांच्या हातात स्वतःचं म्हणावं असं पीठच होतं, पैसे नवऱ्यांच्या खिशात. रिकाम्या हातानं जायला त्यांना लाज वाटू लागली. एक आली नाही, मग दुसरी आली नाही. वर्षभरात सतरंजी स्वच्छ राहिली आणि तिच्यावर बसायला कोणी उरलं नाही.

"मंडळी मोडली, पर हात ऐकंना," त्या म्हणाल्या. "दळण काढलं की मूठ आपसूक भरायची. न्यायची कुणाकडं? पाळक व्हता कुठं? मग शेजारी म्हातारी तापानं पडली व्हती, तिला नेऊन दिली. बायका इचारायला लागल्या, मावशी, कुठं चाललीस? सांगितलं. मग त्याबी टाकायला लागल्या. आपल्याबी, दुसऱ्याबी. रविवारी आम्ही आपल्या चार घरच्या बायका बसतो. ह्या आठवड्याला कुणाच्या घरी न्यायचं ते ठरवतो, त्या घराचं नाव घेऊन प्रार्थना करतो, आन् नेऊन देतो. बाकी काय न्हाई. गाणं येतं तेवढं म्हणतो."

बाकी काय न्हाई, असं त्या म्हणाल्या. बंगल्यावर त्या वेळी माझे यजमान आणि भास्करराव मंडळीची घटना कशी असावी यावर बोलत बसले असणार.

मी घरी जाऊन उरलेलं पीठ आणलं, त्यात माझी ज्वारी मिसळली आणि रिबकाबाईंबरोबर झुंबरच्या घरी गेले. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिनं डबा घेतला, आत पाहिलं आणि विचारलं, आज कोणी कोणी टाकलं? रिबकाबाईंनी एकेकीचं नाव सांगितलं. शेवटी माझं.

हे दुपारी घरी आले तेव्हा मी ओट्यावर बसून रडत होते. त्यांना वाटलं कोणी गेलं. मी सगळं सांगितलं, त्यांची प्रार्थना, डबा, झुंबर. त्यांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, मी आजच जाऊन त्या बायकांची माफी मागतो.

"माफी मागाच," मी म्हटलं. "पण मी त्यासाठी रडत नाहीये."

"मग?"

"अहो, आपण मंडळी कुठं सुरू करायची म्हणून गावभर हिंडतोय. तिथं सुरू करायचं काही राहिलेलंच नाही. नुसतं जाऊन बसायचं आहे. आणि तिथं नळ नाही."

ते हसले नाहीत. माझ्याजवळ खाली बसले. मला नळ किती हवा होता ते त्यांना माहीत होतं, आणि मी तो सोडला आहे हेही त्यांना कळलं होतं. त्या दिवसाइतका तो माणूस मला आधी कधी आवडला नव्हता.

भास्कररावांना सांगायला दोघं गेलो. हे प्रस्तावना करत बसले, तेव्हा मीच स्पष्ट सांगितलं. मंडळी गिरणीत भरेल. रिबकाबाई, गल्लीतली चार घरं, आणि तुम्ही सगळे आलात तर तुम्ही.

"गिरणीत? पट्ट्याखाली? पिठाच्या धुरळ्यात?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी सुमनच्या नावानं देत होतो," ते म्हणाले. आम्ही बाहेर पडल्यावर त्यांनी फाटक लावलं आणि कडीही घातली. त्यांची पाच घरं त्यांच्याबरोबर राहिली.

ईस्टरनंतर कौन्सिलसमोर हे उभे राहिले. ठिकाण विचारलं, हे म्हणाले, पिठाची गिरणी. कोणाला घेऊन? गिरणीवाल्या बाईला. एका वयस्क सभासदांना हसू आवरेना. देणगीचा प्लॉट सोडून गिरणी निवडणारा पाळक त्यांनी पाहिला नव्हता. पण यांना एकदा खात्री पटली की ते भिंतीसारखे उभे राहतात. शेवटी एक वर्ष मिळालं. वर्षात जम बसला नाही तर सीमेवरचा तालुका तयारच होता.

पहिल्या रविवारी शटर पूर्ण वर केलं होतं. बायका पोत्यांवर, दोघं-तिघं पुरुष दाराशी अवघडून उभे. यांनी छोटंसं प्रवचन केलं, म्हणजे त्यांच्या मानानं छोटं. मग डबा मधे आला आणि आता कोणाचं घर, असा विषय निघाला. मला वाटलं होतं पुन्हा झुंबर, नाहीतर कोपऱ्यावरची म्हातारी.

"हिवाळेसाहेबांचा बंगला," रिबकाबाई म्हणाल्या.

सगळ्या त्यांच्याकडं बघायला लागल्या. हिवाळेसाहेबांकडं गव्हाची पोती आहेत, एक म्हणाली. दुसरी म्हणाली, आणि मूठ बंद त्यांनीच केली होती.

"गहू हाये," रिबकाबाई म्हणाल्या. "पर सुमनबाई गेल्यापास्नं त्या घरात कुणी काय घेऊन गेलंय का? जो जातो तो मागायला जातो. आपले पाळकबी मागायलाच गेले व्हते."

हे खाली मान घालून बसले होते. ते मान वर न करताच म्हणाले, "खरं आहे." मग त्यांनीच भास्कररावांचं नाव घेऊन प्रार्थना केली. ती मात्र खरोखर छोटी होती.

डबा न्यायला मला पाठवलं. भास्करराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते, पांढऱ्या सदऱ्यात, आणि आसपास कोणी नव्हतं. फाटकाशी मला पाहून ते उठले. कडी काढायला त्यांना जरा वेळ लागला.

"हे काय?"

"मूठ आहे."

"पाळकाची ना? मग इकडं कशाला?"

"पाळकाची नाही. ह्या आठवड्याची तुमची आहे. सगळ्यांनी टाकलीय. तुमचं नाव घेऊन प्रार्थनाही झाली."

त्यांनी डबा घेतला. कसा धरायचा ते न कळल्यामुळं छातीशी धरला, आणि सदऱ्यावर पीठ सांडलं. ते झटकायचं त्यांना सुचलं नाही. मी सलाम करून निघाले. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी आम्ही रिबकाबाईंच्या घरी, गिरणीच्या मागच्या खोलीत, जेवायला थांबलो होतो. गल्लीत कुत्रं भुंकलं. दारात भास्करराव उभे होते. तोच सदरा, आणि दोन्ही हातांत तो डबा.

बायका उठून उभ्या राहिल्या. ते रिबकाबाईंकडं बघून बोलले.

"मला भाकरी थापता येत नाही."

रिबकाबाईंनी डबा घेतला. काठवटीत पीठ ओतलं, पाणी घातलं आणि मळायला बसल्या. बाजरी, ज्वारी, गहू, नाचणी, कोणाचं काय आणि कोणाचं किती ते कळायचं नाही असं ते पीठ होतं. भाकऱ्या जाड झाल्या, कडांना चिरल्या. यांनी पहिली भाकरी मोडली आणि अर्धी भास्कररावांना दिली. माझ्या संसारात भाकरी मोडताना हे काही बोलले नाहीत असा तो पहिलाच प्रसंग. ठेचा होता, कांदा होता. भास्करराव मांडी घालून जमिनीवर बसले होते आणि सावकाश खात होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ठेचा तिखट होता म्हणावं, तर ते कोरडीच भाकरी खात होते.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कानडखेडची मंडळी अजून आहे. तिच्या स्थापनेची तारीख कौन्सिल वेगळी सांगतं, ती त्यांची त्यांना लखलाभ. चर्च पुढं बांधलं, गिरणीला लागूनच बांधलं. नळ मला कानडखेडमध्ये कधीच मिळाला नाही. अनु मॅट्रिक होईपर्यंत मी गल्लीतल्या बायकांबरोबर हातपंप मारला, आणि रविवारी कोणाचं घर घ्यायचं ते बहुतेक वेळा तिथंच ठरायचं.

मी सांगत होते त्या दुपारचं. जेवण झालं, भास्करराव हात धुऊन निघाले आणि गिरणीच्या उंबऱ्याशी थबकले. पत्र्याचा डबा पुन्हा स्टुलावर जाऊन बसला होता, आणि त्यांच्या वाट्याचं उरलेलं थोडं पीठ शेजारीच भांड्यात होतं.

"किती टाकायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मुठीत बसंल तेवढं," रिबकाबाई म्हणाल्या.

त्यांनी मूठ भरली, थोडी सैल केली, पुन्हा भरली आणि डब्यात सोडली. मग हात न झटकता, तसाच पांढरा हात घेऊन, ते गल्लीतून स्टँडवरून बंगल्यापर्यंत चालत गेले.